आधी बोभाटा, मग वर्ग

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या जर्नल्सचा पंचनामा २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. तो करणाऱ्यांत पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले संशोधक पुढे होते. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेली, पण कोणत्याही नामांकित सूचीत नसलेली १,००९ जर्नल्स त्यांनी तपासली. कुणाचा पत्ता नाही, कुणाच्या संपादकांची नावं नाहीत, कुणाचा आयएसएसएन क्रमांकच चुकीचा. यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढून टाकली. डिसेंबर २०१९ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन-नैतिकतेचा ३० तासांचा, दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला.

आधी बोभाटा, मग नियम आणि सगळ्यात शेवटी वर्ग, हा क्रम या विषयाच्या पाचवीलाच पुजलेला आहे.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथे १९३२ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. रोगाचं नाव त्यांना सांगितलं नाही. तुमचं रक्त खराब आहे, एवढंच सांगितलं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा त्यावरचा हमखास उपाय ठरला, तोही त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. रोग शेवटपर्यंत काय करतो, ते बघायचं होतं. जुलै १९७२ मध्ये असोसिएटेड प्रेसने हे प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा कुठे चाळीस वर्षांनी तो अभ्यास थांबला. १९७४ मध्ये कायदा झाला, आयोग बसला आणि १९७९ मध्ये 'बेलमाँट अहवाल' आला. त्याची तत्त्वं तीन: व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. जगभरच्या वर्गांत आजही इथूनच सुरुवात होते आणि तो अहवाल इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो.

वर्ग मात्र उशिरा भरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, आपल्या प्रशिक्षण अनुदानांसाठी संशोधन-आचाराचं शिक्षण बंधनकारक केलं ते १९९० च्या सुमारास. १९९५ मध्ये 'ऑनलाइन एथिक्स सेंटर' हे संकेतस्थळ सुरू झालं. अभियंते आणि वैज्ञानिक यांच्यापुढचे खरेखुरे पेच तिथे चर्चेसाठी मांडलेले असत. २००० मध्ये एनआयएचने माणसांवर संशोधन करणाऱ्यांसाठीही प्रशिक्षणाची अट घातली आणि त्याच वर्षी मायामी विद्यापीठाच्या पुढाकाराने 'सिटी' हा ऑनलाइन अभ्यासक्रम जन्माला आला. धडा वाचा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र छापून घ्या. हजारो संशोधकांची सोय झाली, आणि संस्थांच्या फायलींचीही.

पण पडद्यापुढे एकट्याने बसून नीती शिकता येते का? एनआयएचने नोव्हेंबर २००९ मध्ये याचं उत्तर लेखी दिलं: नुसतं ऑनलाइन शिक्षण पुरेसं नाही, समोरासमोर किमान आठ तास चर्चा हवी.

त्यानंतरच्या शिक्षणसाहित्याचा घाटही बदललेला दिसतो. अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने 'द लॅब' नावाचा चित्रपट विनामूल्य उपलब्ध केला. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याची आकडेवारी संशयास्पद वाटते. आपण विद्यार्थिनी असू किंवा प्रमुख संशोधक, काय करायचं ते प्रेक्षकाने निवडायचं आणि निवडीप्रमाणे गोष्ट पुढे सरकते. जर्नल्सच्या संपादकांची 'कोप' ही १९९७ मध्ये स्थापन झालेली संस्थाही वाङ्मयचौर्य, लेखकांच्या नावांचे वाद अशा प्रकरणांची टिपणं आणि ती हाताळण्याचे आराखडे खुले ठेवते.

अशा साहित्यात मुंबईचाही वाटा आहे. इथल्या डॉक्टरांच्या एका गटाने १९९३ मध्ये सुरू केलेलं पत्र पुढे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' झालं. संमती, औषधचाचण्या, रुग्णाची गुप्तता यांवरची भारतीय प्रकरणं त्यात इंग्रजीत आहेत. त्यांची चर्चा मराठीत करायला कुणाची आडकाठी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या ३० तासांच्या अभ्यासक्रमात गटचर्चेला जागा दिलेली आहेच. प्राध्यापकांनी एक प्रकरण उघडावं आणि वर्गाला विचारावं: तुम्ही काय केलं असतं?