उताराचे पाणी, चढाचे पाणी

जालना गोदावरीच्या खोऱ्यात आहे, पण गोदावरीच्या काठावर नाही. काठावर आहेत पैठण आणि शहागड. जालन्याच्या वाट्याला आली ती कुंडलिका. पावसाळ्यात चार दिवस नदी, एरवी ओढा, आणि अलीकडे शहराचे सांडपाणी वाहून नेणारा नाला. ही कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. म्हणजे जालन्यावर पडलेला पाऊस शेवटी गोदावरीतच जातो, फक्त पैठणच्या बराच खाली. आणि आपण पाणी आणतो ते पैठणहून.

'जालना सोने का पालना' ही म्हण कापसाच्या आणि धान्याच्या पेठेने रूढ केली असावी. पुढे बियाण्यांनी आणि लोखंडी सळयांनी ती टिकवली. सोन्याच्या या पाळण्यात पाणी मात्र आठ-दहा दिवसांनी येते, कधी त्याहूनही उशिरा. त्याचे कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते : पाऊस कमी. हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर जमिनीखालच्या नळात आहे, आणि ते समजून घ्यायचे तर मलिक अंबरच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

१८८४ साली छापलेले औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर जालन्याबद्दल मोजकेच लिहिते, पण पाण्याबद्दल नेमके लिहिते. मलिक अंबरच्या अमदानीत जमशेदखानाने येथे मशीद आणि सराई बांधली, गावाच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत खेळवले. त्यातला सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. त्याच सुमारास मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहरीचे काम उभे केले होते. तिचा गाजावाजा पुष्कळ झाला. पाणचक्कीमुळे पर्यटकही तिथे जातात. जालन्याचा नळ मात्र गॅझेटियरच्या दोन ओळींत मिटून गेला. मोती तलाव आता ठाऊक आहे तो गणपती विसर्जनासाठी.

दोन्ही कामांमागचे तत्त्व एकच, पाण्याला उतार द्यायचा. तलाव उंचावर, हौद खाली, मध्ये नळ. ना बैल, ना मोट, ना इंजिन. हौदातून पाणी काढायला घागर लागे, पण हौदापर्यंत ते आपल्या पायांनी येई. आपण ज्याला आज 'वितरण व्यवस्था' म्हणतो तिचे हे मूळ रूप. त्यात एक शहाणपण होते, ते मला पुढच्या साऱ्या इतिहासाशी ताडून पाहावेसे वाटते : पाणी तलावात असेतोवर नळ भरलेला राही.

तीनशे वर्षांनी, निजामाच्या राज्यात, १९३०च्या दशकात याच तत्त्वावर घाणेवाडीचा तलाव झाला. तो कुंडलिकेवरच, शहराच्या वरच्या अंगाला आहे. तेथून पाणी उताराने येते. घाणेवाडी या नावावर बाहेरचे लोक हसतात आणि 'तिथलं पाणी पिता?' असे विचारतात. या तलावाने नवीन जालन्याच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या आणि त्यासाठी विजेचे एक युनिटही मागितले नाही, हे त्यांना सांगूनही पटत नाही.

तलावाच्या मर्यादाही स्वच्छ होत्या. पाणलोट लहान. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. काळ्या मातीचा मुलूख, त्यामुळे प्रत्येक पुराबरोबर गाळ. तलाव गाळाने भरत जातो तेव्हा तो वरून तसाच दिसतो. सांडवा वाहतो, लोक नारळ फोडतात, पोट मात्र उथळ झालेले असते. शहर वाढत होते, तलाव आकसत होता. गाळ काढावा की दुसरीकडून पाणी आणावे, असा प्रश्न उभा राहिला की आपल्याकडे नेहमी दुसरी बाजू जिंकते. गाळ काढणे हे उद्घाटनाचे काम नव्हे, हेही त्याचे एक कारण असेल.

म्हणून आधी शहागड झाले. अंबड तालुक्यातल्या शहागडला गोदावरीच्या पात्रातून पाणी उचलायचे आणि पन्नासेक किलोमीटर उत्तरेला आणायचे. पण शहागड जायकवाडी धरणाच्या खाली आहे. धरणातून सोडले तर पात्रात पाणी, नाहीतर वाळू. तेव्हा मग थेट धरणातूनच. २०१३ साली, ऐन दुष्काळात, पैठणचे पाणी अंबडमार्गे जालन्याला पोचले. त्या वर्षी घाणेवाडीचा तळ दिसत होता आणि टँकरमागे धावणारी माणसे साऱ्या देशाने पाहिली होती. त्यामुळे त्या दिवशीचा आनंद खोटा नव्हता.

पण या टप्प्यावर जालन्याच्या पाण्याने दिशा बदलली. उताराचे पाणी चढाचे झाले.

जायकवाडीची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटरवर आहे; जालना पाचशेच्या आसपास. कागदावर एक ढोबळ गणित मांडून पाहू. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप धरले तर दिवसाला सुमारे ३ कोटी ८५ लाख लिटर पाणी हवे. एवढे पाणी नुसते चाळीस मीटर उचलायला ४,२०० युनिट वीज लागते. पण खरा खर्च उंचीचा नाही, लांबीचा आहे. अंतर सत्तर किलोमीटरच्या वर. नळाच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणात किलोमीटरमागे दोन मीटर जोर खर्च होतो असे धरले, तर उंचीच्या साडेतीनपट जोर नुसत्या वाटेत जिरतो. पंप आणि मोटार मिळून सत्तर टक्के कार्यक्षम धरले तर हिशोब रोज २७,००० युनिटच्या घरात जातो. प्रत्यक्षात आकडा कमी-जास्त होईल, त्याची जात मात्र बदलणार नाही. घाणेवाडीच्या रकान्यात त्या जागी शून्य आहे.

हे बिल नळपट्टीतून निघत नाही. ते थकते, वीज तोडण्याच्या नोटिसा निघतात, कधी वीज तुटतेही. वीज गेल्यावर काय होते हे शहरात बसून कळत नाही. मैलोगणती नळात धावणारे पाणी एकदम थांबते, थोडे मागे फिरते आणि उलट येऊन आदळते. मोठ्या नळात या दणक्याचा जोर एवढा असतो की कमजोर सांधा निखळतो. तो दुरुस्त करायचा म्हणजे नळ रिकामा करायचा, जोडायचा, मग हवा काढत काढत हळूहळू पुन्हा भरायचा. वीज तासभरच गेलेली असते, पण शहराची पाळी दोन दिवस पुढे जाते. वर्तमानपत्रात 'तांत्रिक बिघाड' एवढीच बातमी येते.

दुसरी गोष्ट धरणाची. जायकवाडीची एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला ७३८ दशलक्ष घनमीटर हा मृतसाठा. २०१२-१३ मध्ये जिवंत साठा संपला आणि धरणावर विसंबलेली शहरे मृतसाठ्यावर जगली. वर नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. २०१४ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने त्यासाठी आदेश दिला. तेव्हापासून जालन्यातल्या नळाचे भवितव्य इगतपुरीच्या पावसाशी आणि नगरच्या उसाशीही बांधले गेले आहे. लांबचा उद्भव म्हणजे लांबची भांडणेही.

आता शुद्धीकरणाकडे येऊ. पावसाळ्यातले पाणी गढूळ असते, पण शुद्ध करायला सोपे असते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. मातीचे कण जड असतात. तुरटीने त्यांचे पुंजके बांधले की ते तळाशी बसतात, उरलेले वाळूच्या थरात अडकतात. अवघड असते ते मे महिन्यातले, दिसायला नितळ पण हिरवट झाक असलेले पाणी. शेवाळाचे पुंजके हलके, ते बसत नाहीत. वाळूचा थर काही तासांत चोंदतो, तो उलट्या पाण्याने धुवायला लागतो आणि धुण्यातच शुद्ध पाणी खर्च होते. शेवाळाचा वास जात नाही म्हणून लोक तक्रार करतात, तक्रारीला उत्तर म्हणून क्लोरीन वाढवले जाते आणि वास आणखी उग्र होतो. तुरटीचे प्रमाण रोज काचेच्या भांड्यांत पाणी ढवळून ठरवायचे असते. मनुष्यबळ अपुरे असलेल्या कोणत्याही नगरपालिकेत ते कालच्यावरून आज ठरते.

शेवटी क्लोरीन. ब्लीचिंग पावडरीला पालिकेतले कामगार टीसीएल म्हणतात. अमेरिकेतल्या जर्सी सिटीने १९०८ साली सबंध शहराचे पाणी सतत निर्जंतुक करायला सुरुवात केली ती याच पदार्थाने. टीसीएलचे पोते उघडे राहिले, ओलाव्यात पडले की त्यातला क्लोरीन उडून जातो. पोते भरलेले दिसते, औषध गेलेले असते. नळाच्या शेवटच्या तोटीवर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असा नियम आहे. तो पाहायला साधी ओटी टेस्ट असते : थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले की पास.

समजा, हे सारे नीट झाले. तुरटी बरोबर, वाळू स्वच्छ, टीसीएल ताजे. पाणी जलकुंभात पिण्याजोगे चढले. व्हॉल्व्हमनने किल्ली फिरवली, एका मोहल्ल्याला दोन तास पाणी दिले आणि बंद केले. पुढचे आठ-दहा दिवस त्या गल्लीतला नळ रिकामा. माझ्या मते जालन्याच्या पाण्याचा प्रश्न या आठ-दहा दिवसांत दडलेला आहे.

भरलेल्या नळाला भोक पडले तर पाणी बाहेर येते. रिकाम्या होणाऱ्या नळाला भोक पडले तर बाहेरचे आत जाते. गल्लीत नळ आणि गटार शेजारी असतात, जुन्या जोडण्या तर गटारातूनच गेलेल्या असतात. त्यात पाणी येताच घरोघर टिल्लू पंप सुरू होतात. ज्याचा पंप मोठा त्याची टाकी भरते, शेजाऱ्याची तोटी फुसफुसते आणि मधल्या नळातले शोषण भोकाभोकातून घाण ओढते. टिल्लू लावणाऱ्याला मी दोष देत नाही. दहा दिवसांचे पाणी दोन तासांत मिळवायचे असेल तर शहाणा माणूस दुसरे काय करील? पण केंद्रात खर्च केलेली तुरटी आणि टीसीएल गल्लीच्या तोंडाशी फुकट जाते, हे खरे.

याचा पुरावा शेजारच्या कर्नाटकात आहे. हुबळी-धारवाडमध्ये २००८ पासून काही प्रभागांना चोवीस तास पाणी मिळू लागले, बाकीच्या शहराला पाळीनेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी दोन्हीकडच्या तोट्यांचे पाणी तपासले. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पाळीच्या पाण्याच्या जवळजवळ दर तीन नमुन्यांत एकात मैलाजन्य जंतू सापडले. चोवीस तासांच्या पाण्यात हे प्रमाण शेकड्याला एकही भरले नाही.

पाळीचे पाणी घरात आल्यावर दुसरा अंक सुरू होतो. ड्रम, रांजण, सिंटेक्सची टाकी, न्हाणीतली पिंपे. क्लोरीन एक-दोन दिवसांत उडतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात, आणि त्याला हवे असते ते घरातले साठवलेले स्वच्छ पाणी. म्हणून आरोग्य खाते सांगते, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून 'कोरडा दिवस' पाळा. ज्या बाईला दहा दिवसांनी पाणी मिळते तिने सातव्या दिवशी पिंप ओतून द्यायचे! आशाताई दारात उभी राहून हे सांगते तेव्हा ऐकणारी आणि सांगणारी दोघींनाही त्यातले अशक्यपण ठाऊक असते. ज्यांना परवडते ते वीस लिटरचा जार विकत घेतात. नळपट्टी आणि जारवाला, दोन्हीकडे पैसे.

लंडनही एके काळी पाळीच्या पाण्यावर होते. १८५२च्या कायद्याने तेथल्या खासगी कंपन्यांवर पाणी गाळण्याची सक्ती केली आणि अखंड पुरवठ्याकडे जायला सांगितले. गाळण्याचे काम काही वर्षांत झाले, अखंड पुरवठ्याला शतकाची अखेर उजाडली. गळणारे नळ, चुकीच्या जोडण्या, मीटरला विरोध ही भांडणे तिथेही झाली. आपल्या राज्यात कऱ्हाडजवळच्या मलकापूरने २००९च्या सुमारास चोवीस तास पाणी दिले, मीटर लावून. गाव लहान, कृष्णा-कोयनेचा काठ. जालन्याशी तुलना ताणू नये. पण तिथे आधी गल्लीतले नळ बदलले आणि मग तोटी सोडली, एवढा क्रम घेण्यासारखा आहे. जालन्यात चार शतके जो तो उद्भवाकडे पाहत आला : मोती तलाव, घाणेवाडी, शहागड, पैठण. गल्लीतल्या नळाकडे पाहायची पाळी शेवटी येते, आणि तोवर निधी संपलेला असतो.

२०१०च्या आसपास काही जालनेकरांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच स्थापून तलावाचा गाळ काढायला घेतला. पोकलेन लावले, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणले आणि तलावाच्या पोटातली काळी माती पुन्हा वरच्या शेतांत गेली. तलाव जेवढा खोल झाला तेवढे उताराचे पाणी वाढले, बिनविजेचे. २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. घाणेवाडीचे वाढलेले पाणीही नवीन जालन्याच्या त्याच नळांत शिरते, पाळीने. दोन तास वाहते, मग व्हॉल्व्ह बंद होतो आणि नळ पुन्हा रिकामा व्हायला लागतो.