कीर्द एक, खतावण्या अनेक

ऑनलाइन दुकानातून आपण एखादी वस्तू मागवतो. एका क्लिकनंतर साठ्यातून एक नग कमी व्हावा लागतो, बँकेकडे पैशांची मागणी जावी लागते, गोदामाला निरोप मिळावा लागतो आणि ग्राहकाच्या मोबाइलवर एसएमएसही यावा लागतो. ही कामे वेगवेगळी सॉफ्टवेअर करतात. त्यातली काही तर दुसऱ्याच कंपनीच्या मालकीची असतात. घडलेल्या एका घटनेची वार्ता या सर्वांना क्रमाने, वेळेवर आणि न हरवता कशी पोहोचवायची, हा संगणक क्षेत्रातला जुना प्रश्न आहे. ‘इव्हेंट स्ट्रीमिंग’ अर्थात घटनाप्रवाह प्रणाली हे त्याचे गेल्या दशकात रूढ झालेले उत्तर. मात्र अशी प्रणाली उभारणे जितके सोपे होत गेले, तितकी तिची बाहेरच्या सेवांशी होणारी सांधेजोड सोपी झालेली नाही.

या प्रकारातली सर्वाधिक परिचित प्रणाली म्हणजे ‘अपाचे काफ्का’. तिचा जन्म लिंक्डइन या कंपनीत झाला. दहा प्रणालींना एकमेकींशी थेट बोलायचे असेल, तर नव्वद एकेरी मार्ग बांधावे लागतात, आणि प्रत्येक मार्ग निराळ्या रीतीने मोडतो. या जंजाळातून सुटण्यासाठी जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी ही प्रणाली घडवली. २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. यातल्या नारखेडे मूळच्या पुण्याच्या. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षणही पुण्यातच, पीआयसीटी महाविद्यालयात झाले. प्रणालीचे नाव फ्रांत्स काफ्का या लेखकावरून पडले. ‘लिहिण्यासाठी घडवलेली’ प्रणाली, म्हणून लेखकाचे नाव, असे क्रेप्स यांनी सांगितले आहे.

तिचे काम समजून घ्यायला आपल्याकडची कीर्द-खतावणीची पद्धत उपयोगी पडते. कीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहिले जातात, मागची ओळ खोडली जात नाही. खतावणीत त्याच व्यवहारांची खातेवार मांडणी होते. काफ्का ही कीर्द आहे. साठा, बिले, एसएमएस, माहितीचा शोध या सगळ्या तिच्यावरून उतरवून घेतलेल्या खतावण्या. प्रत्येक वाचक आपण कितव्या ओळीपर्यंत वाचले याची खूण ठेवतो. तिला ‘ऑफसेट’ म्हणतात. एखादा वाचक तासभर बंद पडला, तरी परतल्यावर तो खुणेपासून पुढे वाचू लागतो. एक मोठा फरक मात्र आहे. ही कीर्द कायम जपली जात नाही. मुळातल्या मांडणीनुसार सात दिवसांपूर्वीची पाने काढून टाकली जातात. ही मुदत वाढवता येते, पण त्यासाठी ती आहे हे आधी लक्षात असावे लागते.

आता कीर्दीत लिहायचे कोणी आणि तिच्यावरून उतरवायचे कोणी? प्रारंभी प्रत्येक कंपनी यासाठी स्वतःचा प्रोग्रॅम लिहीत असे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ०.९ या आवृत्तीत ‘काफ्का कनेक्ट’ची भर पडली. यात जोडणीचे काम ‘कनेक्टर’ नावाचा तयार भाग करतो. बाहेरून माहिती आणणारा तो ‘सोर्स’, बाहेर पोहोचवणारा तो ‘सिंक’. वापरणाऱ्याने पत्ता, परवाना, टॉपिकचे नाव इतका तपशील भरायचा. बाजारात असे शेकडो कनेक्टर मिळतात. काही मुक्त आहेत, काहींना पैसे पडतात, आणि त्यांच्या दर्जात मोठी तफावत आहे. नाव सारखे म्हणून काम सारखे असेल, असे समजू नये.

माहिती आणण्याची सोपी रीत म्हणजे डेटाबेसला दर काही सेकंदांनी ‘नवे काय?’ असे विचारणे. पण खोडलेली नोंद अशा विचारपुशीत दिसत नाही, आणि दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात दोनदा बदललेल्या नोंदीचा पहिला बदल निसटतो. म्हणून डेबेझियमसारखे कनेक्टर डेटाबेसची आतली रोजनिशीच वाचतात. मायएसक्यूएलमध्ये ती ‘बिनलॉग’, तर पोस्टग्रेसमध्ये ‘वॉल’ या नावाने ओळखली जाते.

या सोयीची किंमतही आहे. वाचक मागे राहिला तर पोस्टग्रेस त्याच्यासाठी जुनी पाने राखून ठेवतो. कनेक्टर बंद पडला आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, तर पाने साचत जातात, डिस्क भरते आणि मूळ डेटाबेसच थांबतो. बातमी नेणाऱ्याच्या आजारपणाने घर बंद पडावे, तसा हा प्रकार! २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून या साठ्याला मर्यादा घालता येते. मर्यादा ओलांडली की डेटाबेस वाचतो, पण कनेक्टरची जागा रद्द होते आणि मधली माहिती पुन्हा मुळापासून आणावी लागते.

खरी कसोटी लागते ती बाहेर पोहोचवताना. कनेक्टरने एसएमएस सेवेला निरोप दिला, तो ग्राहकाला मिळालाही, आणि खूण पुढे सरकवण्याच्या आत कनेक्टर बंद पडला, असे समजू. पुन्हा सुरू झाल्यावर तो जुन्या खुणेपासून वाचतो आणि तोच निरोप पुन्हा धाडतो. एसएमएस दोनदा आला तर ग्राहक हसेल. खात्यातून पैसे दोनदा गेले तर हसणार नाही. २०१७ च्या ०.११ आवृत्तीपासून काफ्कामध्ये ‘नेमके एकदाच’ असे आश्वासन मिळते, आणि जाहिरातींतून ते ठळकपणे मिरवलेही जाते. पण ते कीर्दीच्या आतल्या व्यवहारांपुरते आहे. ३.३ या आवृत्तीत, २०२२ मध्ये, ते सोर्स कनेक्टरांपर्यंत वाढवण्यात आले. सिंकच्या पलीकडची सेवा त्यात आपोआप येत नाही.

तेथे उपाय समोरच्या सेवेकडेच असतो. प्रत्येक मागणीसोबत एक अनन्य क्रमांक पाठवायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सेवेने नवे काम न करता जुनेच उत्तर द्यायचे. स्ट्राइप ही पैशांच्या देवघेवीची सेवा अशी ‘आयडेम्पोटन्सी की’ स्वीकारते. डेटाबेसमध्ये लिहायचे असेल, तर नवी ओळ न वाढवता त्याच किल्लीची ओळ बदलली की काम भागते. ज्या सेवेत अशी सोय नाही, तिला पैशांचे काम थेट कनेक्टरने जोडणे धोक्याचे आहे, असे स्पष्ट म्हणावे लागेल.

दुसरी अडचण वाचताच न येणाऱ्या नोंदीची. कोणी मूळ तक्त्यातल्या रकान्याचा प्रकार बदलला, की पुढच्या खतावणीला नोंद उमगत नाही. अशा वेळी सिंक कनेक्टर सहसा थांबतो, आणि एका नोंदीपायी मागच्या हजारो अडतात. २०१८ च्या २.० आवृत्तीपासून अशा नोंदी ‘डेड लेटर क्यू’मध्ये बाजूला टाकता येतात. पत्ता न लागलेली पत्रे ज्या टपाल कार्यालयात जात, त्यावरून हे नाव आले. टपालात ती पत्रे उघडून पाहणारा कारकून नेमलेला असे. येथे तो आपण नेमायचा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो नेमलेलाच नसतो.

म्हणूनच जोडणी सुरू केल्यावर पाहायचा पहिला आकडा म्हणजे ‘लॅग’, कीर्दीतली शेवटची ओळ आणि वाचकाची खूण यांतले अंतर. रात्री ते थोडे वाढून सकाळी ओसरले तर चिंता नाही. ते सलग वाढतच असेल आणि कोणाच्याही मोबाइलवर इशारा जात नसेल, तर दिवाळीची सुट्टी संपवून कर्मचारी कामावर परतेपर्यंत सात दिवसांची मुदत उलटलेली असू शकते. न वाचलेली पाने तोवर काढून टाकलेली असतात.