इसीयू पुनर्लेखन

मोटारीच्या इंजिन नियंत्रण एककातील (इसीयू) फ्लॅश स्मृतीत नवी आज्ञावली भरण्याची प्रक्रिया.

उगम : बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीने १९७९ मध्ये इंधनपुरवठा व प्रज्वलन यांचे अंकीय नियंत्रण एकत्र आणले. आरंभी आज्ञावली बदलण्यासाठी चिप बदलावी लागे. फ्लॅश स्मृतीमुळे ते काम निदान-सॉकेटमधून होऊ लागले (→ ओबीडी).

वैशिष्ट्ये : १६ पिनांच्या सॉकेटमधील ६ व १४ क्रमांकांच्या पिनांतून संदेशवहन होते (→ कॅन बस). सुरक्षा-किल्लीची पडताळणी, जुना मजकूर पुसणे, गटागटाने लेखन, चेकसम-तपासणी व रीसेट असा क्रम असतो. आयएसओ १४२२९ मानकातील षोडशमान नकारसंकेतांपैकी ३५ चुकीची किल्ली, ७२ लेखनातील बिघाड व ९३ अपुरा विद्युत्‌दाब दर्शवितो. लेखन अर्धवट राहिल्यास इंजिन सुरू होत नाही. म्हणून बॅटरीला स्थिर वीजपुरवठा जोडतात. बूटलोडर शाबूत असल्यास सॉकेटमधूनच पुन्हा लेखन करता येते. अन्यथा एकक उघडावे लागते.

महत्त्व : डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने भारतात ईए १८९ डिझेल इंजिनांच्या सुमारे ३,२३,७०० मोटारी आज्ञावली-दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांत स्कोडाच्या सुमारे ८८,७०० मोटारी होत्या. स्कोडाचा छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथील जुळणी-कारखाना २००१ पासूनचा आहे (→ शेंद्रा औद्योगिक वसाहत, उत्सर्जन मानके).