झाडावरचं हॉटेल

ऑफिसातून परतल्यावर केनियातल्या सफारी लॉजचे भाव बघत होतो आणि 'ट्रीटॉप्स'च्या इतिहासात अडकलो.

१९३२ साली अबरडेअरच्या जंगलात, रानअंजिराच्या झाडावर ते बांधलं. खाली पाणवठ्यावर हत्ती-गेंडे यायचे, पाहुणे वरून बघायचे. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला होती. सोबत नैनिताल सोडून केनियात गेलेले जिम कॉर्बेट. त्याच रात्री तिकडे इंग्लंडमध्ये सँडरिंगहॅमला वडील वारले, ती राणी झाली.

ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात. गोऱ्यांनी जमिनी बळकावलेले किकुयू लोक 'माऊ माऊ' बंडात उतरले, याच जंगलात लपले. १९५४ मध्ये ट्रीटॉप्स जाळलं गेलं.

हत्ती मलाही बघायचेत हो! पण बाल्कनीतून खाली बघताना ही माणसंही आठवायला हवीत.