खे सान्हचा वेढा फुटला, पण रस्ता कोणासाठी उघडला?

लष्करी इतिहासात ‘ऑपरेशन पेगासस’ची नोंद यशस्वी मोहीम अशी आहे. आपण ही नोंद खालून वाचू.

व्हिएतनाममध्ये, लाओसच्या सीमेजवळच्या डोंगरात खे सान्ह हा अमेरिकन तळ होता. जमिनीवरून रसद नेणारा रस्ता एकच, रूट 9. तो ऑगस्ट 1967 पासून बंद. 21 जानेवारी 1968 ला उत्तर व्हिएतनामच्या तोफा सुरू झाल्या आणि सुमारे 6,000 सैनिक वेढ्यात सापडले. अन्न, औषध, दारूगोळा सगळं विमानाने यायचं. 1 एप्रिलला मरीन का लूहून रस्त्याने निघाले. फर्स्ट कॅव्हलरीचे सैनिक हेलिकॉप्टरने पुढच्या टेकड्यांवर उतरले. इंजिनिअर तुकड्यांनी 14 किलोमीटर रस्ता दुरुस्त केला, 9 पूल नव्याने टाकले. 8 एप्रिलला फौज तळावर पोहोचली, 11 तारखेला रस्ता खुला झाला.

आता मधली तारीख बघा. 4 एप्रिल. मोहिमेच्या चौथ्या दिवशी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. बरोबर एक वर्ष आधी, 4 एप्रिल 1967 ला, न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी या युद्धाला जाहीर विरोध केला होता. ज्या काळ्या तरुणांना घरी हक्क नाहीत, त्यांनाच दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याच्या नावाने हजारो मैल दूर मरायला पाठवता, हा त्यांचा सवाल होता. मोठी वृत्तपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. चळवळीतल्या काहींनीही हात झटकले. (आपल्याकडे हे नवीन नाही.) त्यांच्या खुनानंतर व्हिएतनाममधल्या काही तळांवर गोऱ्या सैनिकांनी गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा फडकावला. काळा सैनिक एकाच खंदकात, पण भाऊ नाही!

मित्रांनो, आपण सैनिकी शौर्याचा अभिमान बाळगतो, तो रास्तच आहे. पण महारांनी इंग्रजांसाठी रक्त सांडलं, आणि 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. शौर्याचं प्रमाणपत्र हातात होतं, हक्क नव्हते. 1972 मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरचं नाव घेतलं, ते या नात्यामुळेच.

पण काळ्या सैनिकाच्याही खाली कोणीतरी होतं. खे सान्ह ही ब्रू आदिवासींची भूमी. सपाटीवरचे व्हिएतनामी डोंगरी जमातींना ‘मोई’, म्हणजे रानटी म्हणत. जानेवारीत लढाई पेटली तेव्हा तिथल्या व्हिएतनामी रहिवाशांना विमानाने हलवलं. ब्रूंना मात्र सपाटीवर आणायची परवानगी दक्षिण व्हिएतनामी अधिकाऱ्यांनी नाकारली. नंतर त्यांच्याच डोंगरांवर बी-52 विमानांनी बॉम्ब ओतले.

आणि ज्या तळासाठी हा रस्ता उघडला, तो अमेरिकेने स्वतःच मोडला. 5 जुलै 1968 ला तळ बंद झाला. रस्ता खुला होऊन तीन महिनेही झाले नव्हते.