पेव आणि कणगी

एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला की तिचे ‘पेव फुटले’ असे आपण सहज म्हणून जातो. पेव म्हणजे काय, हे मात्र आता मुलांना समजावून सांगावे लागते. धान्य साठविण्यासाठी जमिनीच्या पोटात खणलेली कोठी म्हणजे पेव. तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण, आत कडब्याचे वा भुशाचे अस्तर आणि वर मातीने घट्ट लिंपलेले झाकण. ते उघडले की दिसे दाणाच दाणा.

कोकणातील आपल्या वाडवडिलांनी मात्र भात जमिनीत पुरले नाही, ते कणगीत भरले. एकाच महाराष्ट्रात हे दोन मार्ग का निर्माण झाले, याचे उत्तर दाण्याच्या स्वभावात आहे.

दाणा हा जिवंत असतो. तो श्वास घेतो, प्राणवायू वापरतो आणि कार्बन डायॉक्साइड, ऊब व ओल बाहेर टाकतो. तो जितका ओला, तितका हा श्वास जलद. मग रास आतून तापते, बुरशी धरते आणि किडीला आयते घर मिळते. नुकत्याच कापलेल्या भातात ओलावा बहुधा २० टक्क्यांहून अधिक असतो. तो १४ टक्क्यांच्या आसपास वा त्याखाली आल्याखेरीज साठवण सुरक्षित होत नाही. दाणा सुकला, की त्याची झोप गाढ होते. ही झोप मोडू न देणे, एवढेच साठवणीचे सारे शास्त्र.

आपल्याकडे हे शास्त्र फार जुने आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत धान्य साठविण्याची पेवे सापडली, तसेच मातीचे गोल ओटेही सापडले. या ओट्यांवर कणग्या ठेवीत असावेत, असे अनुमान आहे. म्हणजे पेव आणि कणगी तेव्हाच एका अंगणात शेजारी होत्या!

देशावर पाऊस कमी, जमीन कोरडी. म्हणून तेथे पेव शोभले. बंद पेवात दाणे आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवितात. किडे मरतात, दाणा निजून राहतो. शिवाय लुटारूंच्या नजरेआड धान्य सुरक्षित राही. जुन्या करारातील यिर्मयाच्या ग्रंथात मिस्पा येथे दहा माणसे गहू, जव, तेल व मध यांचे शेतात दडविलेले साठे पुढे करून आपले प्राण वाचवितात. तो प्रसंग पेव पाहिलेल्या माणसाला लगेच उमगेल. परंतु जी हवा किडीला मारते, ती माणसालाही सोडत नाही. उघडलेल्या पेवात घाईने उतरलेली माणसे गुदमरून गेली आहेत. म्हणून जाणती माणसे आधी दिवा खाली सोडीत. तो विझला, तर कोणी उतरत नसे.

कोकणात पेव खणणे म्हणजे पाण्याला आमंत्रण. येथे बांबूच्या कांबींची कणगी विणली, शेणामातीने सारवली आणि जमिनीची ओल लागू नये म्हणून दगडांवर वा फळ्यांवर उभी केली. भात आधी खळ्यावर आणि अंगणात उन्हे खाई, मगच आत जाई. पावसाळ्यापूर्वी कणगीचे तोंड लिंपून टाकीत, कारण आषाढातला दमट वारा सुकलेल्या दाण्याला पुन्हा ओला करतो. हवा केव्हा द्यावी आणि केव्हा तोडावी, यातच खरे कौशल्य होते.

युरोपात हाच प्रश्न अठराव्या शतकात यंत्राने सोडविण्याचा यत्न झाला. इंग्लंडमधील धर्मोपदेशक व शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांनी जहाजांत व तुरुंगांत ताजी हवा खेळविण्यासाठी मोठे भाते तयार केले. त्यांचे वर्णन १७४३ साली प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील द्युहामेल द्यु मोंसो यांनी ते भाते धान्याच्या कोठीला जोडले, सच्छिद्र तळातून राशीत वारा फुंकला आणि १७५३ साली आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. आजची पंख्यांची प्रचंड कोठारे त्याच वाटेवरची आहेत. उलट दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने घडविलेल्या ‘पुसा कोठी’त मातीच्या दोन भिंतींमध्ये प्लास्टिकचा कागद असतो. ती जणू जमिनीवर आलेले पेवच!

हरिपूरच्या हळदीच्या पेवांत २००५ च्या महापुराचे पाणी शिरले. आपल्याकडील कणग्याही घरांतून गेल्या. त्यांच्या जागी पत्र्याच्या कोठ्या आल्या. कोठी उत्तमच, पण तिच्यात अर्धवट सुकलेले भात भरले तर आतली वाफ थंड झाकणाला लागून थेंब थेंब राशीवरच गळते. पुढच्या ज्येष्ठात पेरलेले बी उगवत नाही, तेव्हा दोष कोठीला दिला जातो. खळ्यावर राहिलेली उणीव कोणतीही कोठी भरून काढीत नाही.

घरची वृद्ध आई दाणा दाढेखाली धरी. तो कटकन फुटला तरच ती म्हणे, “आता भरा.” बिनमोजमापाच्या त्या परीक्षेत कित्येक पिढ्यांचा अनुभव साठविलेला होता. ती परीक्षा तरी आपण मुलांच्या हाती द्यायला हवी.