जुन्या गेमिंग संगणकाला नवी गती : पैसा कोठे घालावा, कोठे टाळावा

हौसेने जुळवून घेतलेला मध्यम क्षमतेचा गेमिंग संगणक सहा-सात वर्षांत थकल्यासारखा वाटू लागतो. नवा खेळ अडखळत चालतो, पंख्यांचा आवाज वाढतो आणि एखादे दृश्य उघडायला मिनिट-दीड मिनिट जाते. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. सगळाच नवा घ्या, हा पहिला. आहे तोच ‘ओव्हरक्लॉक’ करा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवा, हा दुसरा. पहिला सल्ला खिशाला झेपत नाही आणि दुसरा फुकटचा वाटतो. बहुतेक घरांत मात्र याच संगणकावर मुलांचा अभ्यास आणि घरचा हिशेबही चालतो. त्यामुळे चुकीच्या खरेदीत वर्षाची बचत जाते आणि चुकीच्या प्रयोगात यंत्रच हातचे जाते. मर्यादित पैशात संगणक सुधारण्याचा क्रम कोणता असावा आणि त्यात ओव्हरक्लॉकिंगला किती स्थान द्यावे, याचा हा आढावा.

उदाहरणासाठी २०१८-१९ मधील एक नेहमीची जुळणी घेऊ : एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी ४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, एनव्हिडियाचे ६ जीबी क्षमतेचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, साधी हार्ड डिस्क, ४५० वॅटचा एसएमपीएस आणि १०८० पिक्सेल उंचीचा पडदा. आकडे बदलले, तरी पुढील विचारपद्धती अन्य जुळण्यांनाही लागू पडते.

आधी निदान

खेळाची गती अनेक भाग मिळून ठरवतात आणि त्यांतील सर्वांत मंद भाग बाकीच्यांना थांबवून ठेवतो. तो भाग ओळखल्याखेरीज खरेदी करणे म्हणजे निदानाविना औषध घेणे होय. ओळखण्याची पद्धत सोपी आहे. नेहमीचा खेळ चालू करून एकाच दृश्यात दर सेकंदाला किती चौकटी मिळतात ते पाहावे. मग पडद्याची मांडणी १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावी. पहिल्या मांडणीत सुमारे २०.७ लाख ठिपके रंगवावे लागतात, दुसरीत ९.२ लाख. ठिपक्यांचे हे काम ग्राफिक्स कार्डाचे असते. म्हणून चौकटी भरपूर वाढल्या, तर कार्ड अपुरे पडत होते. जवळजवळ वाढल्याच नाहीत, तर प्रोसेसर किंवा रॅम अडवणूक करत आहे. सरासरी चांगली असूनही खेळ मध्येच गचके देत असेल, तर रॅम भरून गेली आहे का, हार्ड डिस्क सतत शंभर टक्के व्यग्र आहे का, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तपासावे.

खर्चाविना होणारी कामे

३२०० वेगाची म्हणून विकत घेतलेली डीडीआर४ रॅम बायोसमधील एक्सएमपी प्रोफाइल चालू केल्याशिवाय बहुधा २१३३ किंवा २६६६ वरच चालते. कित्येक संगणकांत ही मांडणी वर्षानुवर्षे तशीच राहते. रायझन ५ २६०० अधिकृतपणे २९३३ पर्यंतचा वेग मानतो. ३२०० वर संगणक अस्थिर झाला, तर २९३३ वर समाधान मानावे. या पिढीच्या रायझनमध्ये प्रोसेसरच्या अंतर्गत जोडणीचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असल्याने हा बदल खेळांत जाणवतो.

दुसरे काम सफाईचे. हीटसिंकच्या पात्यांत साचलेली धूळ आणि वाळून गेलेली थर्मल पेस्ट यांमुळे प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग आपणच कमी करतो. पेस्ट बदलताना या प्रोसेसरबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. एएम४ प्रकारात बारीक पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेली पेस्ट घट्ट धरून बसली असेल, तर कूलर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग वीज पूर्ण तोडून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सुटा करावा.

खर्चाचा क्रम

खर्चात पहिला मान रॅमला. एका पट्टीवर ३२०० वेगाची रॅम सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती हलवते; दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या, की दोन मार्ग खुले होऊन हीच मर्यादा ५१.२ जीबी होते. शिवाय आजच्या मोठ्या खेळांना ८ जीबी पुरत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव चढले आहेत. त्यामुळे जुनी पट्टी टाकून न देता त्याच वेगाची दुसरी ८ जीबीची पट्टी जोडणे हा शहाणपणाचा मार्ग. दोन वेगवेगळ्या पट्ट्या जुळतीलच असे नाही. म्हणून बदलून देण्याची तयारी असलेल्या दुकानातूनच घ्यावी.

दुसरा क्रमांक एसएसडीचा. हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे दीडशे एमबी वाचते, सॅटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, तर बी ४५० मदरबोर्डावरील एम.२ खाचेतील एनव्हीएमई एसएसडी साडेतीन हजारांपर्यंत. यामुळे चौकटींची सरासरी वाढत नाही. परंतु खेळ उघडण्याचा वेळ आणि मधले गचके घटतात. २०२३ मधील ‘स्टारफिल्ड’सारख्या खेळाने तर एसएसडी ही किमान अटच ठेवली.

तिसरा निर्णय प्रोसेसर की कार्ड, हा वर सांगितलेल्या निदानावर सोपवावा. प्रोसेसर अडवत असेल, तर एएम४ धारकांचे भाग्य मोठे. २०१८ च्या बी ४५० मदरबोर्डावर बायोस अद्ययावत करून २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. दोघांचीही औष्णिक मर्यादा ६५ वॅट असल्याने एसएमपीएस बदलावा लागत नाही. मात्र बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करावा आणि आपल्या मदरबोर्डाच्या नेमक्या मॉडेलची यादी उत्पादकाच्या संकेतस्थळावर आधी वाचावी.

कार्ड बदलायचे असेल, तर एक व्यावहारिक बाब लक्षात घ्यावी. जीटीएक्स १०६० ज्या पिढीचे आहे, तिच्यासाठी नव्या खेळांना अनुसरून ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. आता केवळ सुरक्षाविषयक सुधारणा मिळतील. कमी विजेत चालणाऱ्या कार्डांत ८ जीबीचे आरएक्स ६६०० (१३२ वॅट) हा एक पर्याय. १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० (१७० वॅट) घेतल्यास एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, म्हणजे तो खर्चही धरावा लागतो. आरएक्स ६५०० एक्सटीपासून मात्र जपावे. ते माहितीच्या केवळ ४ मार्गिका वापरते. बी ४५० वर त्या जुन्या, निम्म्या वेगाने चालतात आणि ४ जीबी मेमरी भरली की खेळ अडखळतो. स्वस्त वाटणारी ही खरेदी जुन्या मदरबोर्डावर महाग पडते.

वापरलेले कार्ड घेताना मूळ बिल, अनुक्रमांकावरील उरलेली हमी आणि अर्धा तास पूर्ण भाराखालील चाचणी, या तीन गोष्टींवर तडजोड करू नये.

ओव्हरक्लॉकिंग : काल आणि आज

ओव्हरक्लॉकिंगची ख्याती जुन्या काळाची आहे. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर. मदरबोर्डावरील बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की तो अनेकदा ४५० वर निर्धोक चालत असे. दीडपट वेग, तोही दमडी न मोजता.

आज ती शिल्लक उरलेली नाही, कारण ती उत्पादकच वापरून टाकतो. रायझन ५ २६०० चा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ, पण तापमान आणि वीज यांचा अंदाज घेत तो स्वतःच ३.९ पर्यंत चढतो. हाताने सर्व गाभे ४ गिगाहर्ट्झच्या आसपास नेता येतात; मात्र मिळणारी वाढ एक आकडी टक्क्यांत असते आणि खेळांत ती आणखी विरळ होते. याउलट, त्याच वेगाला झेन २ रचनेने सुमारे १५ टक्के आणि झेन ३ रचनेने आणखी १९ टक्के अधिक काम होते, असा एएमडीचा दावा आहे. दोन्हींचा गुणाकार सुमारे ३७ टक्के होतो आणि ५६०० चा ४.४ गिगाहर्ट्झचा कमाल वेग वेगळाच. जुन्या प्रोसेसरला कितीही ताणले, तरी ही दरी भरून निघत नाही.

किंमत मात्र मोजावी लागते. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवले, तर विजेचा खप आणि उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतात. हाच नियम उलटा वापरला तर लाभ होतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज ५ टक्के उतरवले, तर जवळजवळ १० टक्के वीज वाचते. ग्राफिक्स कार्डाबाबत ‘अंडरव्होल्टिंग’ची ही युक्ती विशेष उपयुक्त आहे : कार्ड थंड राहते, पंखे शांत होतात आणि मूळ वेग अधिक वेळ टिकतो.

प्रयोग करायचाच असेल, तर शिस्त पाळावी. बी ४५० ओव्हरक्लॉकिंगला मुभा देतो, ए ३२० देत नाही. एका वेळी एकच मांडणी बदलावी, वेगाची पायरी लहान ठेवावी आणि प्रत्येक पायरीनंतर सिनेबेंच किंवा ओसीसीटीने भार देऊन तापमान पाहावे. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. कारण रॅममधील बारीक चूक संगणक बंद पाडत नाही, गुपचूप फायली बिघडवते. म्हणून महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत आधी बाहेर काढून ठेवावी. संगणक सुरूच झाला नाही, तर वीज तोडून मदरबोर्डावरील नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे काढावी. बायोस मूळ स्थितीत येतो. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेली हानी एएमडीच्या हमीत बसत नाही, हेही विसरू नये.

गोव्याची हवा आणि वीज

परीक्षणांतील तापमानाचे आकडे बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. मे महिन्यात आपल्या खोलीत ३३ अंश असतील, तर प्रोसेसरचे तापमानही साधारण दहा-बारा अंशांनी वर जाते. तेथे ७८ दिसलेला आकडा येथे ९० जवळ पोहोचतो आणि ओव्हरक्लॉकिंगसाठी उरलेली जागा संपते. कॅबिनेटमध्ये पुढून हवा आत व मागून बाहेर, असे दोन चांगले पंखे बसवणे हा येथे अधिक उपयोगी खर्च.

पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद राहिलेल्या संगणकाला दमटपणा आणि किनारपट्टीची खारी हवा अधिक बाधते. दोन-तीन दिवसांनी तो तासभर चालवावा. रॅमच्या संपर्कपट्ट्या काळवंडल्या, तर खोडरबराने हलकेच पुसाव्यात. बायोस अद्ययावत करताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. ते काम यूपीएसवरच करावे. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो, हे पाहून भार ठरवावा.

क्रम असा : निदान, सफाई व रॅमची मांडणी, दुसरी रॅम पट्टी, एसएसडी, निदानानुसार प्रोसेसर किंवा कार्ड आणि सर्वांत शेवटी, वाटल्यास, ओव्हरक्लॉकिंग. प्रत्येक पायरीनंतर तोच खेळ, तेच दृश्य पुन्हा मोजावे. गती समाधानकारक झाली, की तेथेच थांबावे. उरलेला पैसा पुढच्या संगणकासाठी शिल्लक राहतो.